मुलांना त्याग शिकवायला पहिला कुत्रा दत्तक घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहता, मुलं 8 आणि 12 वर्षांची, घरात याआधी कुत्रा नव्हता. चर्चमध्ये उपवासकाळात त्यागावर उपदेश झाला आणि मुलांना तो कृतीतून कळावा म्हणून ईस्टरच्या आधी पिल्लू आणायचं मनात आहे.

आणा, पण ईस्टरच्या आधी नको. ईस्टर मार्चअखेर किंवा एप्रिलात येतो. पिल्लू घरात रुळायच्या आत आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो. जूनमध्ये पाऊस पडून हवा उतरली की आणा. थंडीत जन्मलेली गल्लीतली पिल्लं तोवर पाच-सहा महिन्यांची होतात, आणि पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी हेच वय सुचवतो. पार्वोचा, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य जुलाबाचा, सगळ्यात वाईट काळ बहुधा टळलेला असतो, लघवी काही तास रोखता येते, अंगकाठी आणि स्वभावही दिसतो. देशीच घ्या. आपल्या उन्हाळ्यात हस्की किंवा पग पाळण्यात त्याग फक्त कुत्र्याचा होतो.

आता त्यागाचं. बायबलातल्या 2 शमुवेल 24 मध्ये दावीद राजा होमार्पणासाठी, म्हणजे वेदीवर जाळून द्यायच्या अर्पणासाठी, अरवना नावाच्या माणसाचं खळं आणि बैल 50 शेकेल (जुनं वजन) चांदी मोजून विकत घेतो. अरवना ते फुकट द्यायला तयार असतो, पण ज्याला आपला पैसा लागला नाही त्याचं होमार्पण दावीदाला नको असतं. कुत्रा आणणाऱ्या बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं: ठरवतात वडील, कौतुक मुलांना आणि घाण काढते आई. म्हणून आणायच्या आधी कागद घ्या आणि लूक 14:28 मधल्या बुरूज बांधणाऱ्यासारखा हिशेब मांडा. पहाटे साडेपाचला कोण उठणार, रात्रपाळी असेल तेव्हा कोण, परीक्षेच्या आठवड्यात कोण, औषधाचा खर्च कुठल्या पैशातून. प्रत्येक ओळीपुढे ज्याचं नाव येईल त्याने ते स्वतः लिहायचं. आईचं नाव निम्म्याहून जास्त ओळींत आलं तर बेत पुढे ढकला.

जेवण घालण्यात त्याग नसतो, ती मजा असते. मुलांना दुसरी कामं द्या. आठ वर्षांच्या मुलाकडे पाणी: पसरट मातीचं भांडं दिवसातून तीनदा घासून भरायचं. दहा-बारा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला साधारण 600 मिली पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. बारा वर्षांच्याकडे विष्ठा उचलणं आणि रोज संध्याकाळची गोचीड तपासणी. फिरवताना पट्टा मात्र मोठ्या माणसाच्याच हातात.

गोचिडांचं नीट सांगतो, कारण त्यांच्यामुळे होणाऱ्या तापाने आपल्याकडे कुत्रे हकनाक जातात. कानाच्या आतल्या घड्या, बोटांमधली बेचकी, काखा, शेपटीचं मूळ आणि गळपट्ट्याखालची जागा, या क्रमाने बोटं फिरवा. डाळीएवढी गाठ लागली की केस बाजूला करून बघा. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका. रॉकेल ओतू नका, त्याने कातडी भाजते. काढलेली गोचीड नखाने चिरडायची नाही, साबणाच्या पाण्यात टाकायची. मग ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबा आणि सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिक्या, ताप, खाणं बंद किंवा नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

लसींचं वेळापत्रक सोपं आहे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो आणि डिस्टेंपर (आणखी एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) यांची एकत्रित लस, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी. पाच-सहा महिन्यांचा, लस न झालेला कुत्रा आणलात तर दोन्ही लगेच सुरू करायच्या आणि एकत्रित लसीचा दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी. जंताचं औषध वजन करून, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा भर गुराढोरांवर असतो, तेव्हा कुत्र्याची लस आहे का हे आधी विचारा. मेडिकलमधून आणायला सांगितलं तर थर्मासमध्ये बर्फ घालून न्या, बाटली बर्फाला चिकटू देऊ नका. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. भर उन्हात डिकीत ठेवून नेलेली लस टोचली काय न टोचली काय. नसबंदी कधी करायची ते पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

मुलाला ओरखडा किंवा चावा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि सरकारी रुग्णालयात जा. घरचा कुत्रा आहे म्हणून थांबू नका. हळद-चुना लावू नका.

खाण्यात आपल्या घरांत एक मोठी गोची आहे: कांदा-लसणाशिवाय चूल पेटत नाही आणि दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. शेवभाजीचा रस्सा, भरीत, काळ्या मसाल्याचं मटण, काहीही नाही. दहा-बारा किलोच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला दीड ज्वारीची भाकरी, दीडशे ग्रॅम बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी आणि एक अंडं, दोन वेळांत विभागून, हा सुरुवातीचा अंदाज. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्याला दिसू नयेत, त्याप्रमाणे कमी-जास्त करा. वर्षाच्या आतल्या कुत्र्याला एवढ्याने कॅल्शियम पुरत नाही, त्याला पिल्लांचं तयार खाद्य द्या. म्हशीच्या दुधाने जुलाब होतात. केळ्याचे दोन-चार काप चालतात. नाताळचा प्लम केक मात्र उंचावर ठेवा: त्यातल्या मनुका-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या कपच्या आतड्यात घुसतात.

पहिल्या उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतरच फिरवा. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा, टिकली नाही तर परत फिरा. गच्चीवर किंवा पत्र्याखाली बांधू नका. कूलरच्या खोलीत शहाबादी फरशीवर ओलं गोणपाट पुरतं, पण वीज गेली की तीच बंद खोली भट्टी होते, खिडकी उघडायला कुणीतरी घरात हवं. रविवारच्या उपासनेला सगळे एकदम जाता त्या दोन-तीन तासांचाही विचार करा. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट, चाल लटपटती असं दिसलं तर आधी अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि मगच दवाखान्याकडे निघा.

चर्चच्या भाषेबद्दल एक सावधगिरी. कुत्रा आजारी पडून गेला तर मुलांना ‘देवाने बलिदान मागितलं’ असं सांगू नका. इब्री 10 प्रमाणे ख्रिस्ताचं अर्पण एकदाच आणि पुरेसं. कुत्रा वेदीवरचं कोकरू नाही. तो नीतिसूत्रे 12:10 मध्ये येतो: नीतिमान माणूस आपल्या पशूच्या जिवाकडे लक्ष देतो. मुलांनी एवढं एक वचन पाठ केलं तरी भागेल.

शेवटचं, तुमच्या नोकरीचं. बदली होणार हे धरूनच चाला. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीत पूर्ण कूपे (दोन बर्थची बंद खोली) घ्यावा लागतो, नाहीतर ब्रेकव्हॅनमधली, म्हणजे गार्डच्या डब्यातली डॉग बॉक्स (कुत्र्याचा पिंजरा). पार्सल ऑफिसात आधी चौकशी करा आणि पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी घ्या. मे महिन्यात डॉग बॉक्सचा विचारही नको, आत वारा लागत नाही. ऑर्डर मेमध्ये निघाली तर सामान पुढे पाठवा आणि कुत्र्याला रात्रीच्या गाडीने कूपेत न्या, किंवा पाऊस पडेपर्यंत घरातलं एक माणूस त्याच्याजवळ मागे राहू द्या. ते माणूस कोण, हेही त्याच कागदावर आत्ताच लिहून ठेवा.