वजन 62 आणि तरी प्रीडायबेटिस? लॅब चुकलेली नसणार

तुम्ही लिहिलंय की वय 36, उंची साडेपाच फूट, वजन 62, शाकाहारी, घरात सगळे "काडी पैलवान" म्हणतात आणि तरी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 6.1, म्हणजे डायबेटिसच्या अलीकडच्या सीमारेषेवर, प्रीडायबेटिसमध्ये आलं, तर लॅबने घोळ केला असेल का. खरं सांगू, मीही 14 वर्षांपूर्वी अगदी हेच म्हणाले होते. तेव्हाच्या आमच्या डॉक्टरांनीही "तुम्ही तर बारीक आहात, काळजी नको" म्हणून घरी पाठवलं, पुढची तीन वर्षं मी काहीच केलं नाही आणि आज दोन गोळ्यांवर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते, तुमची ती तीन वर्षं जाऊ नयेत.

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22 येतो, कागदावर उत्तम. पण पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता, शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! म्हणजे काटा तोच, आतला माल वेगळा. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात, लिव्हरभोवती. आणि हे जन्मापासूनचं आहे बरं का, पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधली बाळं त्यांनी मोजली तर सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र आपल्या बाळांची त्या मानाने फारशी कमी नव्हती. त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका.

आता करायचं काय. आधी टेप घ्या, श्वास सोडून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. पँटचा नंबर धरू नका, ती पोटाखाली बांधलेली असते. पुरुषांना 90 सेंटीमीटरच्या वर म्हणजे धोका, बायकांना 80.

दुसरं, कृपा करून उपास करून वजन उतरवायला जाऊ नका, आहेत ते स्नायूही जातील आणि साखर शोषून घेणारं मोठं कोठार तेच आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी तुमच्यासारख्याच सीमारेषेवरच्या 531 लोकांवर तीन वर्षं अभ्यास केला (2006 ला आला), नुसता साधा सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्के लोकांना डायबेटिस झाला, रोज अर्धा तास भरभर चालणं आणि खाण्यात बदल करणाऱ्यांत 39 टक्के. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांचं वजन जवळपास तेवढंच राहिलं होतं!! वजन न उतरताही फरक पडला. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर, जमेल ते वजन उचलणं.

खाण्याबद्दल एक गैरसमज, मीही वर्षानुवर्षं त्यात होते. भात सोडून तीन ज्वारीच्या भाकऱ्या खाल्ल्या की झालं असं नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी सर्वेक्षणाचं 2025 मध्ये जे आलं त्यात आपल्या 62 टक्के कॅलरी कार्बोहायड्रेटमधूनच येतात असं दिसलं, आणि भाताच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ घेतल्याने धोका कमी दिसला नाही, त्यातला थोडा भाग डाळी, दूध-दही यांच्या प्रोटीनने भरला तर दिसला. तर भाकरी दीड, आणि पिठलं, उसळ, दही वाढवा. वरण पाणीदार नको, घट्ट.

आणि शाकाहारी आहात म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी12 करूनच घ्या. लोह किंवा बी12 कमी असलं तर एचबीएवनसी थोडं फुगून येऊ शकतं, म्हणून सोबत उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशी साखरही तपासा, तुमच्या डॉक्टरांना विचारून. मग लॅबवरचा संशयही मिटेल. रिपोर्ट आले की आकडे इथे टाका, मला बी12 किती निघतंय ते बघायचंय.