पंचवीस वर्षे मोजायची कुठून?

प्रश्न : मी न्यू जर्सीत स्थायिक आहे. टोरांटोतील मावसभाऊ त्याची जपानहून आणलेली निसान स्कायलाइन जीटी-आर (आर३४) मला विकण्यास तयार आहे. कॅनडात रीतसर नोंदलेली ही गाडी मला सीमेपलीकडून थेट आणता येईल का? कागदांवर पहिली नोंदणी मार्च २००२ ची आहे.

उत्तर : लगेच आणता येणार नाही. कॅनडात १५ वर्षांनंतर अशा गाड्यांना सुरक्षा मानकांतून सूट मिळते, अमेरिकेत मात्र ती २५ वर्षांनी मिळते. त्यामुळे टोरांटोची नंबरप्लेट येथे उपयोगाची नाही. शिवाय ही मुदत निर्मितीच्या महिन्यापासून मोजली जाते आणि जपानी कागदांवर नोंद असते ती पहिल्या नोंदणीची. गाडी त्याआधी, कदाचित २००१ मध्येच, तयार झालेली असू शकते. म्हणून चासी क्रमांकावरून निर्मितीचा महिना शोधून त्याचा लेखी पुरावा आधी हाती घ्यावा. मुदत भरल्यावर सीमेवर सुरक्षेसाठी एचएस-७ आणि प्रदूषणासाठी ३५२०-१ हे अर्ज भरावे लागतात.

मावसभाऊ पाहुणा म्हणून गाडी घेऊन आपल्याकडे येऊ शकतो, परंतु ती त्याने वर्षाच्या आत परत न्यायला हवी आणि येथे विकता कामा नये. तो आलाच, तर बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनचे वरचे बुरूज (सस्पेन्शनचे वरचे टोक बॉडीला जेथे जोडलेले असते ते पत्र्याचे उंचवटे) नीट पाहा. या मॉडेलला तेथेच गंज धरतो, आणि टोरांटोच्या हिवाळ्यात रस्त्यांवर पसरलेले मीठ त्यात भरच घालते.