पूर ओसरून पंधरवडा झालेल्या शहरात जावे का, आणि मुक्काम कुठे करावा?

पुराचा तडाखा बसलेल्या शहरात पंधरा दिवसांनी नातेवाइकांना भेटायला जायचे आहे. जाणे योग्य ठरेल का आणि राहायचे कुठे, असे तुम्ही विचारले आहे. शहराचे नाव दिलेले नाही, म्हणून २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात मी जे पाहिले त्याच्या आधारे उत्तर देतो. माझ्या मावशीचे घर तिथल्या सखल भागात आहे.

जरूर जा, पण मुक्काम शहरात करू नका आणि पूरग्रस्त नातेवाइकांच्या घरी तर मुळीच नको. ज्या घरात पिण्याचे पाणी टँकरवर अवलंबून असते तिथेही पाहुणा आला की चहाचे आधण चढते, आणि सगळी अंथरुणे भिजून टाकून द्यावी लागलेली असताना कोरडी राहिलेली एकुलती चादर पाहुण्याच्या वाट्याला येते. लॉजच्या वरच्या मजल्यांवरच्या ज्या थोड्या खोल्या वाचलेल्या असतात त्या बेघर झालेल्या कुटुंबांना आणि बाहेरून आलेल्या वीज, सफाई व वैद्यकीय पथकांना लागतात.

मुक्कामाचे ठिकाण निवडताना मी एकच गोष्ट आधी पाहतो: तिथून नातेवाइकांच्या घरी जाताना मध्ये पूल किंवा दरड कोसळणारा घाट येतो का. त्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरील वाशिष्ठी नदीवरच्या जुन्या पुलाचा जोडरस्ता वाहून गेला होता, आणि परशुराम घाटात पावसाळ्यात दरडींचा धोका असतोच. ही दोन्ही ठिकाणे शहराच्या उत्तरेला येतात, म्हणून मी त्या बाजूच्या लोट्याला न राहता दक्षिणेला सावर्ड्यात खोली घेतली, सकाळी शहरात जायचे आणि अंधार पडण्यापूर्वी परतायचे असे ठरवले. जेवणाचा डबा व पिण्याचे पाणी तिथूनच बरोबर नेत असे.

शहरातच राहणे भाग असेल, तर खोली ठरवण्यापूर्वी फोनवर दोन गोष्टी स्पष्ट विचारा. पाणी इमारतीत कुठवर चढले होते, आणि जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुतली आहे का? दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण गटारांत मिसळलेले पुराचे पाणी आधी या टाकीत शिरते आणि वीज आल्यावर पंप तेच गच्चीवरच्या टाकीत चढवतो. नळाला दिसायला स्वच्छ पाणी येते, पण ते चूळ भरायलाही वापरू नये. तळमजल्याची खोली घेऊच नका. मावशीच्या घरी भिंती धुऊन, लादी पुसून सगळे लख्ख झाल्यावर वायरमनने स्विचबोर्डाचे झाकण उघडले, तर आत तारांभोवती बोटभर तांबूस गाळ ओला होता; त्याच भिंतीवरचा दिवा लावायला आम्ही निघालो होतो. प्लायवूडच्या कपाटाचे दार फुगून चौकटीत असे घट्ट बसले होते की शेवटी पहारीने उचकटावे लागले. लॉजमध्ये गेल्यावर गादी उलटून तळाला हात लावून पाहा, कारण फोमची गादी वरून कोरडी लागली तरी आतून आठवडेच्या आठवडे ओली राहते.

चिखलात उतरणार असाल तर गमबूट हवेतच. उंदीर व गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या साध्या ओरखड्यातूनही, लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा तापाचा आजार होतो. तो टाळण्यासाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक मनाने घेऊ नका, निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा; परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला तर पुराच्या भागात गेलो होतो हे त्यांना आवर्जून सांगा.

मदतीच्या वस्तू नेण्याआधी नातेवाइकांनाच विचारा. जुन्या कपड्यांचे ढीग तेव्हा रस्त्याकडेला पडून होते. लोकांना हवे होते ते खराटे, फावडी, फिनेल, मेणबत्त्या आणि कोरडी अंथरुणे. घरांचे आणि रस्त्यावर मांडलेल्या भिजलेल्या संसाराचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. १८६४ साली स्थापन झालेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही पुस्तके त्या पुरात गेली. अशा संस्थांना नुसत्या बघ्यांपेक्षा देणगीचा उपयोग जास्त होतो.

बाजारपेठेतली जी दुकाने उघडलेली असतील तिथून किराणा, फळे, फरसाण, जे लागेल ते भाव न करता घ्या. मोबाइलचे नेटवर्क आणि एटीएम दोन्ही बेभरवशाचे असतात, त्यामुळे सुट्या नोटा जवळ ठेवा.