गोधडी शिवायला बसाल तेव्हा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. वस्तीतल्या बायकांच्या जुन्या साड्यांचे तुकडे जोडून घरात सोसलेल्या हिंसेच्या कहाण्या सांगणारी गोधडी शिवायची आणि २५ नोव्हेंबरला, स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धच्या दिवशी, ती समाजमंदिरात टांगायची, हे वाचून मन भरून आलं. पण एक गोष्ट ऐक. जिची कहाणी, तिच्या साडीचा तुकडा घेऊ नकोस.

अमेरिकेत केप कॉडच्या हायॅनिस गावात १९९० साली बायकांवरच्या हिंसेविरुद्ध बायकांनी ३१ शर्ट रंगवून कपडे वाळत घालायच्या दोरीवर टांगले. शर्टाला तोंड नसतं. आपल्याकडे मात्र नळावर रोज दिसणारी साडी सगळ्या गल्लीला पाठ असते. आम्ही पहिल्यांदा गोधडी लावली, तेव्हा पिवळ्या काठाचा तुकडा एका सासूनं लांबूनच ओळखला. त्या रात्री त्या सुनेला काय सोसावं लागलं, ते मला अजून सलतं. म्हणून शिंप्याकडच्या चिंध्या आण, एका गाठोड्यात मिसळ, जिला जी हवी ती उचलू दे.

शिवणाची घाई करू नकोस. हातात सुई असली की मान खाली असते, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि बाई बोलायला लागते. आपल्या आज्या जात्यावर सासरचं दुःख ओवीत घालायच्या, ते असंच. आमच्यात एक जण तीन बुधवार मुकाट धावदोरा घालत होती. चौथ्या बुधवारी दातानं दोरा तोडता तोडता म्हणाली, "ताई, माझा सगळा पगार तेच काढून घेतात. हेही त्यात येतं का गं?" येतं. घरगुती हिंसेविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात मारहाणीइतकीच शिवीगाळ, लैंगिक छळ आणि पैशाची कोंडी हीदेखील हिंसाच आहे. हे मी माइकवरून सांगितलं असतं, तर तिनं तोंड उघडलं नसतं.

गोधडीसोबत पथनाट्य करणार असाल, तर त्यात मारहाण दाखवू नका. पोरं हसतात, आणि मागे उभी असलेली बाई पदर सावरून घरी निघून जाते. त्यापेक्षा भिंतीपलीकडचा शेजारी उभा करा, रडणं कानावर आल्यावर टीव्हीचा आवाज वाढवणारा. तो प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ पासून गावोगाव झालं. त्यातली गाणी बायकांच्या तोंडी बसली, म्हणून गाणं हवंच.

खेळ संपल्यावर सतरंजी लगेच गुंडाळू नका. रेंगाळणारी बाई काहीतरी विचारायला थांबलेली असते. संरक्षण अधिकाऱ्याशी, म्हणजे त्याच कायद्याखाली अशा बायकांच्या मदतीसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याशी, आधीच बोलून ठेव. कुणालाही "घर सोड" असं सांगू नकोस. सोडताना आणि सोडल्यावर धोका वाढतो, हे मी पाहिलं आहे. निर्णय तिचा, आपण सोबत.

आणि १८१ हा बायकांच्या मदतीच्या फोनचा आकडा गोधडीच्या कडेला टाक्यांनी भर. चिठ्ठी दिली तर घरात सापडते, पाठ झालेला आकडा कुणाला सापडत नाही.

माझ्याकडे चिंध्यांची दोन पोती आहेत. बुधवारच्या आधी पाठवते.

तुझी ताई