आठ वर्षांच्या मुलाला इंग्लंडच्या प्रेप बोर्डिंगमध्ये ठेवावं का?

ताई, तुमच्या यजमानांची बदली इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात होतेय, तुम्हालाही तिथे नोकरी करायची आहे आणि मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला जुन्या, नावाजलेल्या प्रेप स्कूलमध्ये (तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खासगी शाळेत) पूर्ण वेळ बोर्डिंगला ठेवलं तर ओढाताण वाचेल का, असं तुम्ही विचारलंय. मी ऑक्सफर्डशायरमधल्या अशाच एका शाळेत बरीच वर्षं मेट्रनच्या, म्हणजे निवासी मुलांची देखभाल करणाऱ्या बाईंच्या, हाताखाली काम केलंय. माझं मत स्पष्ट आहे: शाळा जरूर बघा, पण पहिलं वर्ष त्याला रोज घरी येऊ दे.

बोर्डिंगमुळे सांभाळायचा प्रश्न सुटतो, हा समज आधी काढून टाका. या शाळा वर्षाला जेमतेम ३४-३५ आठवडे चालतात. नाताळ, ईस्टर, उन्हाळा आणि प्रत्येक सत्राच्या मध्यावर हाफ टर्मची सुट्टी. शिवाय अधूनमधून एक्झिएट, म्हणजे शनिवार-रविवार सगळ्यांनी घरी जायचं. बऱ्याच शाळांत तेव्हा बोर्डिंग हाऊसला चक्क कुलूप असतं. उरलेल्या १७-१८ आठवड्यांची सोय तुम्हालाच लावायची. उलट डेच्या, म्हणजे रोज घरी जाणाऱ्या, मुलांचाही दिवस तिथे लांबलचक असतो. वर्ग सुटल्यावर खेळ, मग गृहपाठ. संध्याकाळी सहापर्यंत मूल शाळेतच थांबू शकतं. नोकरी करणाऱ्या आईला एवढं पुरतं.

दिवसा मुलं मजेत असतात. मैदानं मोठी, शिक्षक जीव लावून शिकवणारे. अवघड वेळ दिवे मालवण्याच्या जरा आधीची. एका खोलीत पाच-सहा पलंग, उशाशी घरून आणलेलं मऊ खेळणं. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलांनाही पोटात नेमकं कसं दुखतंय ते इंग्रजीत सांगता येत नाही. रडणाऱ्या मुलाला निदान जवळ घेता येतं. जो रोज फोनवर ‘मी मजेत आहे’ म्हणतो आणि ताटातलं अर्धं टाकतो, त्याचं दुखणं आमच्या लक्षात यायला कधी कधी दोन-तीन आठवडे जायचे. नवा देश, डिसेंबरात चार वाजताच काळोख, अनोळखी जेवण, आणि त्यात आईही जवळ नाही. एवढं सगळं एकदम नको हो. वर्षभराने तो स्वतःच मित्रांबरोबर राहायचं म्हणाला, तर फ्लेक्सी बोर्डिंग असतंच. आठवड्यातून एक-दोन रात्रींनी सुरुवात करा.

पुढे ईटन या नामांकित निवासी शाळेत घालायचं तुमच्या यजमानांच्या मनात आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिथे इयर ५च्या (नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग) जूनअखेरपर्यंत नाव नोंदवावं लागतं आणि पूर्वपरीक्षा इयर ६मध्ये होते. मूल डेला आहे की बोर्डिंगला, याचा तिच्याशी काही संबंध नाही. ऑक्सफर्डच्या समर फील्ड्स (१८६४) आणि ड्रॅगन (१८७७) यांसारख्या जुन्या बोर्डिंग शाळाही डेची मुलं घेतात.

छडी इंग्लंडच्या खासगी शाळांतून १९९९मध्येच कायद्याने गेली. तरी नुसत्या नावावर विसंबू नका. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने मार्च २०२२मध्ये निवासी शाळांबद्दल अहवाल दिलाय, तो वाचा. शाळेचा तपासणी अहवालही इंटरनेटवर फुकट मिळतो. मग शाळेला विचारा: रात्री त्या मजल्यावर कोण झोपतं? मुलाला घरी फोन कधी करता येतो? शाळेबाहेरची कोणती व्यक्ती त्याचं ऐकून घ्यायला नेमलेली आहे? उत्तर देताना कुणी चाचरलं, तर ती शाळा सोडून द्या.

पैशांचं थोडक्यात: पूर्ण बोर्डिंगची फी वर्षाला ३० हजार पौंडांच्या वर सहज जाते आणि १ जानेवारी २०२५पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू आहे. गणवेश, सहली, वाद्याचे धडे वेगळे. मुलगा डिपेंडंट (पालकांवर अवलंबून असलेल्यांच्या) व्हिसावर येणार, म्हणजे त्याला वेगळा चाइल्ड स्टुडंट व्हिसा लागत नाही आणि सरकारी शाळेत तो विनाशुल्क शिकू शकतो. घराजवळची सरकारी शाळाही एकदा बघून या.

सही करण्याआधी करारातलं नोटिशीचं कलम नीट वाचा. मुलाला काढायचं तर बहुतेक शाळांना पूर्ण एक सत्र आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर त्या सत्राची फी भरावी लागते. बोर्डिंगवरून डेवर आणतानाही अनेकदा हाच नियम आड येतो. डेवरून बोर्डिंगला जायचं असेल, तर मात्र जागा असली की शाळा लगेच तयार होतात.