काटा थरथरतो, वर दहा मैल जास्तही दाखवतो

प्रश्न: आजोबांची 1957ची मॉरिस मायनर आहे, पोर्तुगीज अमदानीतली. मूळ स्पीडोमीटर कधीचा गायब, म्हणून मुंबईच्या चोर बाजारातून स्मिथ्सचा जुना मैलांचा डायल आणला, केबल पण नवी टाकली. आता फोनवर 64 किलोमीटर स्पीड असतो तेव्हा काटा 50 मैलांवर, तोही थरथरत. मेकॅनिक म्हणतो काटा उपटून दहा घर मागे बसवतो. बसवू देऊ का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: नको हो! 64 किलोमीटर म्हणजे 40 मैल, तिथे 50 दाखवतोय म्हणजे सव्वापट. काटा दहा मागे घेतलात तर 40ला बरोबर येईल, पण 20च्या स्पीडला आज 25 दाखवत असेल तो मग 15 दाखवेल, आणि गाडी उभी असताना शून्याच्या खाली.

आधी एक बघा, डायलमधले, गाडी एकूण किती मैल चालली ते दाखवणारे आकडे बरोबर पळतात का. हायवेच्या दगडांवर 16 किलोमीटर गाडी चालवा, आकडे जेमतेम 10 मैल पुढे गेले पाहिजेत. ते आकडे चाकांबरोबर फिरणाऱ्या केबलच्या फेऱ्यांवर थेट दातेरी चाकांनी फिरतात, काटा मात्र आत फिरणाऱ्या चुंबकाच्या ओढीवर आणि एका बारीक स्प्रिंगवर चालतो. आकडे बरोबर आणि काटाच चुकतोय तर चुंबक-स्प्रिंगचं काम, ते स्पीडोमीटरवाल्याकडेच द्या. आकडेपण साडेबाराच्या आसपास गेले तर डायल दुसऱ्या गाडीचा आहे, मला तरी हेच वाटतंय.

खात्री करायची तर डायलवर खाली बारीक अक्षरात तीन-चार आकडी नंबर असतो, एका मैलाला केबलचे किती फेरे ते. (किलोमीटरच्या डायलवर तो किलोमीटरचा असतो, आणि तुमचा हरवलेला बहुतेक तसलाच असणार, गोव्यात तेव्हा किलोमीटरच होते.) डायलकडून केबल सोडा, आतल्या तारेच्या टोकाला टेपचा झेंडा लावा, गाडी न्यूट्रलला ठेवून पोरांना 16 मीटर 9 सेंटीमीटर, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग, सरळ ढकलायला सांगा, झेंडा किती फिरला ते अर्धा-पाव फेरा धरून मोजा आणि शंभराने गुणा. डायलवर 1000 आणि तुमचे 1250 आले की कोडं सुटलं. मग योग्य नंबरचा डायल शोधा, नाहीतर मध्ये फेरे कमी करणारा छोटा गिअरबॉक्स बसवा. टायर मूळ मापाचे आहेत ना तेही बघा, लहान असले तरी काटा जास्त दाखवतो.

थरथर मात्र केबलचीच. आतली तार टेबलावर सरळ ठेवून बोटाने लोळवा, उड्या मारायला लागली तर वाकलीय, टाकून द्या. वळण सहा इंचांच्या त्रिज्येपेक्षा तंग नको. आपल्याकडच्या पावसात तार गंजते म्हणून लोक भसाभस ग्रीस भरतात, पण तार फिरताना ते स्क्रूसारखं वर चढवते आणि डायलमध्ये घालते, म्हणून पातळ हात द्या आणि डायलकडचे आठ इंच पुसून कोरडे ठेवा. वरचा नट हातानेच आवळा, पाना नको.