अंधारात हाताला लागेल असं

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीत सातव्या मजल्यावर राहतो. यजमानांना शिफ्ट ड्यूटी, घरी ७६ वर्षांच्या सासूबाई (इन्सुलिन चालू आहे) आणि दोन शाळकरी मुलं. लाइट गेली किंवा गॅसचा वास आला की माझे हातपाय गळतात. घरात काय काय आणून ठेवू?

उत्तर : आणायचं नंतर बघू. बरंचसं तुमच्या घरात असेलच, पण ते कुठे आहे हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

१२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्यासकट आसपासच्या बऱ्याच भागाची वीज गेली, तेव्हा माझे सासरे आमच्या नौपाड्यातल्या घरी बाथरूममध्ये होते. आत मिट्ट काळोख. टॉर्च सापडला तो ड्रॉवरच्या तळाशी, सेल पाझरून हिरवे झालेले. त्या दिवसापासून टॉर्च दाराआडच्या खिळ्याला नाडीने लटकतो, सेल बाहेर काढून रबरबँडने त्यालाच बांधलेले. महिन्याभरात सासरे न बघता तिथे हात घालू लागले.

लाइट गेली की पंपही बंद, म्हणून दोन बादल्या कायम भरलेल्या असू द्या. फ्रिज उघडू नका. दार बंद असलं की आतला गारवा साधारण चार तास टिकतो. त्याहून उशीर झाला तर इन्सुलिन डबीत घालून पाण्याच्या माठात ठेवा. बर्फाला टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. सासूबाईंच्या उशाशी साखरेची डबी हवीच. रक्तातली साखर उतरून त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरले आणि त्या शुद्धीवर असतील, तर आधी तीन-चार चमचे साखर, फोन मागाहून.

गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही; चालू करायचं नाही तसं बंदही करायचं नाही. एक्झॉस्ट फॅनसुद्धा नाही. खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, सगळे बाहेर पडा आणि मग बाहेरून १९०६ला फोन करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून दारंही उघडी हवीत. रेग्युलेटर सासूबाईंकडून स्वतः फिरवून घ्या, नुसता दाखवू नका.

फोनशेजारी १०८ (रुग्णवाहिका) आणि ११२ (तातडीची मदत) ठळक लिहा, खाली इमारत, मजला, जवळची खूण. घाबरलेलं मूल 'आमच्या घरी या' एवढंच सांगतं. थोरल्याकडून तो कागद मोठ्याने वाचून घ्या.

येत्या रविवारी संध्याकाळी सासूबाईंना खुर्चीत बसवा, सगळ्यांना सांगून दहा मिनिटं मेन स्विच बंद करा आणि मुलांना एकेक वस्तू आणायला सांगा. जे सापडणार नाही, तेवढंच सोमवारी बाजारातून आणा.